अंगणातील होळी

फाल्गुनी पौर्णिमा जवळ आली, की आमच्या पांढुर्णा-सौसरच्या मुलुखात मुले चाकोल्या थापू लागतात. शेणाचा लहानसा गोळा चपटा करावयाचा, मध्ये बोटाने भोक पाडावयाचे, उन्हात वाळवून सुतळीत ओवावयाचा, झाली माळ. ते भोक केवळ ओवण्याच्या सोयीचे नव्हे. शेणात गुरांना न पचलेले गवताचे तंतू असतात व ते सावकाश जळतात. भोकातून हवा खेळल्यामुळे चाकोली आतपर्यंत पेट घेते.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा हा भाग मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला. घरची होळी मात्र पूर्वीचीच आहे: पुरणपोळीचा नैवेद्य, मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठी आणि दुसऱ्या दिवशी धुळवड.

होलिका व प्रल्हाद यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु हा उत्सव ऋतूचाही आहे. थंडी सरत असते, गहू व हरभरा हाताशी आलेला असतो. अर्धवट भाजलेल्या हिरव्या धान्यास संस्कृतात ‘होलक’ म्हणतात, आणि होळीत ओंब्या भाजण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. जैमिनीच्या सूत्रांवरील शबरभाष्यात ‘होलाका’ या उत्सवाचा उल्लेख येतो. म्हणजे प्रथा बरीच जुनी. दूर आयर्लंड व स्कॉटलंडमध्येही मे महिन्याच्या आरंभी शेकोट्या पेटवून त्यांच्यामधून गुरे नेण्याची रीत होती. ऋतू पालटला की माणसाला अग्नी आठवतो, मग देश कोणताही असो.

आता आमच्या चुकीविषयी. दोन वर्षांपूर्वी आम्ही भावंडांनी हौसेने होळी अंगणाऐवजी संत्र्याच्या बागेत रचली. छाटलेल्या ओल्या फांद्या वर टाकल्या. ओल्या लाकडातील पाण्याची वाफ होण्यातच पुष्कळ उष्णता खर्ची पडते; म्हणून ज्वाळा थोडी आणि धूरच फार झाला. कंटाळून कोणीतरी वाळलेला पालापाचोळा लोटला, तोच जाळ एकदम उसळून शेजारच्या झाडास लागला. फाल्गुनात आंबिया बहाराची फळे नुकतीच धरलेली असतात. एका बाजूची सगळी गळाली. संत्र्याची साल पातळ व अन्न शोषणारी मुळे उथळ. त्यामुळे खालची धगही त्यास सोसवेना. आजोबा रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “बाबांनो, हे झाड तुमच्या बापानं लावलं होतं.” त्या रात्री पुरणपोळी कोणालाच गोड लागली नाही.

तेव्हापासून आमची होळी अंगणात, मोकळ्या जागी, कंबरेएवढीच असते. आम्ही झाड तोडीत नाही. चाकोल्यांच्या माळा, वाळलेल्या काटक्या व तुऱ्हाट्या पुरतात. प्लास्टिक अथवा रबर टाकू देत नाही. पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवतो आणि वारा असल्यास होळी आणखी लहान करतो. पहाटे निखाऱ्यांवर स्नानाचे पाणी तापते. त्या झाडाच्या जळक्या बाजूस यंदा पालवी फुटली आहे. फळ अद्याप नाही.