रोगापेक्षा औषध भयंकर?

‘रोगापेक्षा औषध भयंकर’ ही म्हण वर्गात शिकविणे सोपे. घरात तिचा निवाडा करणे मात्र अवघड!

आमचे थोरले बंधू अण्णा एका सकाळी बोलता बोलता अडखळले. शब्द ओठांशी येई, पण बाहेर पडेना. उजव्या हातातली कपबशी गळून पडली. दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले आणि स्वारी पंचवटीकडे फिरावयास निघालीसुद्धा! त्यांना बळेच रुग्णालयात नेले. मानेची सोनोग्राफी झाली, तेव्हा कळले की मेंदूला रक्त पुरविणारी डावीकडची धमनी चरबीच्या थरांनी अरुंद झाली आहे.

मान आणि वाचा यांचे नाते आपल्याकडे जुनेच. कंठनाडीच्या दोहों बाजूंच्या ‘नीला’ व ‘मन्या’ या धमन्यांना इजा झाल्यास मुकेपणा येतो, असे सुश्रुतसंहिता सांगते. आजचे वैद्यक कारण देते ते असे: बहुतेकांचे वाचेचे केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असते, धमनीतील थरावरचा कण सुटून तेथे अडकला की शब्द हरवतात. कण विरघळला तर माणूस सावरतो; पण पुढचा घाला पक्षाघाताचा असू शकतो. म्हणून बरे वाटले तरी तातडीने रुग्णालय गाठावे.

अशी धमनी उघडून साफ करण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत डॉ. मायकेल डीबेकी यांनी १९५३ साली केली. असा इशारा मिळालेला असेल आणि धमनी ७० टक्के किंवा अधिक अरुंद असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, शक्यतो दोन आठवड्यांच्या आत. अण्णांची त्याहून कमी होती. त्यांच्या वाट्याला गोळ्या आल्या: गुठळी रोखणारी ॲस्पिरिन, चरबी उतरविणारे स्टॅटिन आणि एक रक्तदाबाची. तंबाखू अर्थातच बंद.

काही महिन्यांनी कोपरांवर, गुडघ्यांवर लाल चट्टे उठले. रुपेरी कोंडा झडू लागला. अण्णांनी फर्मान काढले, “साऱ्या गोळ्या गोदावरीला अर्पण करा!”

त्वचारोगतज्ज्ञांनी निदान केले सोरायसिसचे. रक्तदाबावरची बीटा-ब्लॉकर जातीची औषधे हा रोग चेतवू शकतात. तीही एकाएकी तोडायची नसतात. डॉक्टरांनी ती गोळी बेताबेताने कमी करून दुसरी दिली. बाकीच्या तशाच राहिल्या. चट्टे हळूहळू ओसरले.

तेव्हा वाचकहो, त्वचेवर काही उठले तर गोळ्यांची यादी, त्या सुरू केल्याच्या तारखांसह, डॉक्टरांपुढे ठेवा. फोड, ताप, तोंडात वा डोळ्यांत जखमा दिसल्या तर क्षणाचाही विलंब नको. एरवी आपल्या मनाने डबा रिकामा करू नका. सुक्याबरोबर ओले कशाला जाळायचे?