गाणे गिऱ्हाइकाचे, किल्ली कंपनीची

कॅसेटची फीत तुटली तर चिकटपट्टीने जोडता येत असे. संगणकातले गाणे मात्र फाईल शाबूत असूनही मुके होऊ शकते. नागपुरात मोमिनपुरा, बर्डी भागात मोबाइल व संगणक दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांनी यामागचे कारण समजून घ्यावे. कारण गिऱ्हाईक दोष दुरुस्तीवाल्यालाच देते.

विंडोज एक्सपीच्या काळात सीडीवरची गाणी मीडिया प्लेयरने संगणकात उतरवताना संरक्षणाचा पर्याय चालू असेल, तर गाण्याला कुलूप लागे. त्याची किल्ली, म्हणजे परवाना, त्याच संगणकात राही. संगणक फॉरमॅट करून गाणी परत भरली तरी किल्ली गेलेली असे.

विकत घेतलेल्या गाण्यांचेही तेच झाले. एमएसएन म्युझिकची गाणी ३१ ऑगस्ट २००८ नंतर नव्या संगणकावर चालू करून मिळणार नाहीत, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले. गिऱ्हाइकांनी ओरड केली, तेव्हा मुदत २०११ अखेरपर्यंत वाढली. आपल्याकडे फ्लिपकार्टचे 'फ्लाइट' हे गाण्यांचे दुकान फेब्रुवारी २०१२ मध्ये उघडले आणि जून २०१३ मध्ये बंद झाले. तेथली गाणी बिनकुलुपाची एमपी३ होती. ज्यांनी उतरवून जपली, त्यांची वाचली. एअरटेलने २०२४ मध्ये 'विंक' बंद केले, तेव्हा ॲपमध्ये साठवलेली गाणी ॲपबरोबरच गेली.

जो माल ताब्यात नाही तो विकू नये, हा तिजारतीचा जुना दंडक आहे. येथे गिऱ्हाइकाने माल समजून पैसे मोजले आणि हाती आली ती केवळ परवानगी. दुकानदाराने हा फरक आधीच सांगावा.

सिनेमाचे गाणे पुन्हा मिळेल. ताजबागच्या उर्साची कव्वाली किंवा एखाद्या बुजुर्गाच्या आवाजातली नात दुसरीकडे कोठून मिळणार? रेकॉर्डिंगवाल्यांनी त्या कामाची मूळ फाईल केवळ एका सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवू नये. केकवॉक हे नावाजलेले सॉफ्टवेअर बनवणे गिब्सन कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये थांबवले. २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेतले म्हणून टिकले. प्रत्येक वेळी असा वाली मिळेलच असे नाही.

म्हणून काम पुरे होताच प्रत्येक आवाज व वाद्य वेगळे डब्ल्यूएव्हीमध्ये काढून दोन ठिकाणी ठेवावे. फॉरमॅट करण्यापूर्वी गाणी दुसऱ्या संगणकावर वाजवून पाहावीत. गिऱ्हाइकाचा आवाज ही आपल्याकडची अमानत आहे.