दातांवरून वय कसं कळतं?

बैलबाजारात व्यापारी आधी बैलाचा जबडा उघडतो. आदत, दोनदाती, चौसा. दात बघून वय ठरतं आणि वयावरून भाव. माणसाचंही वय दातांवरून काढता येतं. मुलगी अठराची झाली का, कामावर ठेवलेला पोरगा चौदाच्या आतला आहे का, असा प्रश्न कोर्टापुढे येतो आणि कागद नसतो, तेव्हा डॉक्टर तोंडात बघतात.

सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. ती कुठलाही दात पाडून येत नाही, म्हणून कितीतरी आया तिला दुधाचीच समजतात नि किडली तरी किडू देतात. ती एकदा गेली की पुन्हा येत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. बाराव्याच्या सुमारास दुसरी दाढ येते. अक्कलदाढ सतरा ते पंचवीसमध्ये कधीही येते, काहींना येतच नाही.

ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडात 1833 च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालची मुलं ठेवायला बंदी आली. पण जन्माचा दाखला कुणाकडे होता? उंची बघून वय ठरवायचे. 1837 मध्ये एडविन साँडर्स या दंतवैद्याने सुमारे हजार मुलं तपासून दाखवलं, की उंचीपेक्षा दात जास्त खरं सांगतात.

आता एक्स-रे काढतात. हिरडीच्या आत दाताचं मूळ किती वाढलं, त्याचं टोक बंद झालं का, हे त्यात दिसतं. खाण्यापिण्याची आबाळ झाली की हाडं मागे राहतात, दातांवर तेवढा परिणाम होत नाही. म्हणून "पोरगी अंगानं थोराड आहे, झाली असेल अठराची" हे बोलणं तिथे चालत नाही.

पण खरी अडचण अठराजवळच आहे. तोवर बाकी दातांची वाढ संपलेली असते, उरते ती बेभरवशाची अक्कलदाढ. डॉक्टर नेमकं वय लिहू शकत नाहीत, अमुक ते अमुक असा अंदाज देतात. सतरा की एकोणीस, हे दात ठामपणे सांगत नाहीत, आणि लग्न थांबवायचं असेल तर त्या मुलीचं सगळं त्याच दोन वर्षांवर अडलेलं असतं.

म्हणून 2015 च्या बाल न्याय कायद्यात आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला बघतात. तो नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच डॉक्टरी तपासणी. आता शाळेत गुरुजींनी अंदाजाने 1 जून लिहिलेली किती पोरं आपल्या गावात आहेत, ते तुम्हीच मोजा!

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. राहून गेली तरी पुढे होते, उशिराचं शुल्क भरावं लागतं. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की आम्ही प्रत्येक गटात एक यादी करणार आहोत: कुणाच्या घरी दाखला नसलेलं मूल आहे. नावं घेऊन या, ग्रामसेवकांकडे सगळ्या मिळून जाऊ.