‘हवं का?’ आणि ‘घेतलं का?’

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांना टीव्हीच्या धंद्यात उतरायचं होतं. रिमोट दाबायचा, हवा तो सिनेमा हवा तेव्हा मागवायचा. पण लोकांना हे खरंच हवं होतं का? सर्व्हेत विचारलं तर ‘नको’ कोण म्हणणार! ‘हो’ म्हणायला पैसे पडत नाहीत.

म्हणून एटी अँड टी, यूएस वेस्ट आणि केबलवाली टीसीआय यांनी डेन्व्हरजवळच्या लिट्लटन उपनगरात काहीशे घरांना ही सेवा देऊनच बघितली. गंमत म्हणजे तंत्रज्ञान तयारच नव्हतं. इकडे ग्राहकाने बटण दाबलं की तिकडे कर्मचारी कॅसेट शोधून व्हीसीआरमध्ये घालायचा! मला हा जुगाड अगदी शास्त्रशुद्ध वाटतो, कारण मोजायची होती मागणी, यंत्र नव्हे.

निघालं काय, तर घरटी महिन्याला साधारण अडीच सिनेमे. नेहमीच्या पे-पर-व्ह्यूपेक्षा हे कितीतरी जास्त, म्हणजे आवड खरी होती. पण सिनेमाला तीन-चार डॉलर धरले, तर महिन्याला जेमतेम दहा डॉलर, आणि त्यातही स्टुडिओचा वाटा. तेवढ्यावर घरोघरी नवी वायर टाकण्याचा खर्च कधी निघायचा?