पायाच्या नखांची बुरशी



रात्रीचे पाणी धरणाऱ्याचे पाय तासन्‌तास सरीच्या चिखलात असतात. आधी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि दुर्लक्ष झाले की बुरशी नखात शिरते. नख पिवळे पडते, जाड होते, कडेने भुगा सुटतो.

गेल्या लागणीत एक सभासद बेणेप्रक्रियेच्या औषधात अंगठा बुडवून बसलेले आम्ही पाहिले. ‘कांडीची बुरशी मरते, मग नखाची का नाही?’ असे त्यांचे म्हणणे. मंडळी, ते औषध कांडीचे, अंगाचे नव्हे. बेणे बुडवतानाही हातमोजे घाला म्हणतो, ते काय उगीच?

बिघडलेले नख जागच्या जागी सुधारत नाही. मुळाकडून नवे येते आणि जुने पुढे सरकते. अंगठ्याचे नख पूर्ण बदलायला १२ ते १८ महिने लागतात, म्हणजे जवळजवळ आडसाली उसाचाच हिशेब! डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या बहुधा ३ महिने घ्याव्या लागतात. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नका.

पाण्यावरून आल्यावर पाय धुऊन बेचकी कोरडी करा, गमबूट वाळवा. नख सरळ कापा, कोपरे कोरू नका. पहार लागून नख काळे झाले, तर ते साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे जाते. मार नसताना काळी रेघ उठली, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा. मधुमेह असलेल्यांनी नख घरी कोरीत बसूच नये. त्यांना पुष्कळदा जखम दुखत नाही, आणि पाय कापण्यापर्यंत पाळी येते.