गाण्याचा दिलासा कोणता?

संगीताने आत्मिक शांती मिळते, असे आपल्याकडे फार सहजपणे बोलले जाते. बुद्धाचा अनात्मवाद स्वीकारलेल्या माणसाला हे विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही. आत्माच नसेल तर गाण्याने बरे होते ते काय? दुसऱ्या बाजूने, चळवळीतील अनेक मित्रांना ‘दिलासा’ हा शब्दच संशयास्पद वाटतो. दिलासा मिळाला की माणूस थंड होतो, अन्यायाशी जुळवून घेतो, असे ते म्हणतात. या दोन्ही शंकांचा विचार केला पाहिजे.

मित्रांचा संशय निराधार नाही. चोखामेळा आयुष्यभर अभंग रचीत राहिला आणि 1338 साली मंगळवेढ्याला कोसळलेल्या भिंतीखाली दगावला. पंढरपुरात त्याची समाधी आहे ती देवळाबाहेर. ते देऊळ अस्पृश्यांना खुले व्हायला 1947 साल उजाडावे लागले आणि साने गुरुजींना उपोषण करावे लागले. अभंगाने चोखोबाचे दुःख हलके केले असेल. त्याच्यासाठी दार मात्र उघडले नाही. पण म्हणून त्याचे गाणे व्यर्थ होते काय? गाण्याने जे होऊच शकत नाही, त्याचा दोष गाण्याला देणे योग्य नाही.

मी सावंगी (मेघे) येथे राहतो. वर्ध्याला लागून असलेल्या या गावात 1990 साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात खेड्यापाड्यांतून माणसे येतात. रुग्ण आत आणि सोबत आलेली माणसे बाहेर, अशी ही दुहेरी प्रतीक्षा असते. संध्याकाळी कोणी मोबाईलवर भजन लावतो, कोणी भीमगीत. परिसरालाही ही सवय जुनी आहे. जवळच सेवाग्रामला 1936 पासून आश्रमाची प्रार्थना आहे, आणि तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने विदर्भातील खेडी सामुदायिक भजनाला बसवली. बाहेर बसलेल्या त्या बाईला गाणे काय देते, हा माझ्या दृष्टीने केवळ तात्त्विक प्रश्न नाही.

वैद्यकशास्त्राने याचे एक मोजके उत्तर दिले आहे. 2015 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील सत्तरहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. संगीत ऐकणाऱ्या रुग्णांची वेदना आणि चिंता कमी झाली, वेदनाशामक औषधही कमी लागले. परंतु रुग्णालयातील मुक्काम कमी झाला नाही. म्हणजे संगीत दुखणे सोसणे सुकर करते, पण उपचाराची जागा घेत नाही. गाण्याच्या नावाखाली गंडेदोरे विकणाऱ्यांना आणि गाणे निरुपयोगी म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे ऐकवले पाहिजे.

बौद्ध परंपरेची भूमिकाही अशीच सावध आहे. भिक्खूंनी धम्म लांबलचक गायकी सुरात गाऊ नये, असा विनयाचा नियम आहे. कारण ऐकणारा आवाजात गुंततो आणि अर्थ निसटतो. पण सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्वाने वीणेवर गायिले, तेव्हा तारांचा स्वर आणि गीताचा स्वर जुळल्याबद्दल बुद्धाने त्याची प्रशंसाच केली. त्याहून महत्त्वाचे बोज्झंग सुत्तांत आहे. महाकस्सप आजारी असता बुद्धाने त्याला सात बोध्यंगे ऐकवली आणि तो बरा झाला. पुढे बुद्ध स्वतः आजारी पडला तेव्हा त्याने चुंदाकडून तीच म्हणवून घेतली. ही सात अंगे म्हणजे स्मृती, धम्मविचय, वीर्य, प्रीती, प्रश्रब्धी, समाधी आणि उपेक्षा. त्यांत विचारपूर्वक शोध आणि प्रयत्न आधी आहेत, शांती नंतर. रोग्याच्या कानी पडणारा शब्द त्याला झोपवणारा नाही, जागा करणारा आहे. आत्म्याला येथे जागा नाही. जागे होते ते मन.

याच कसोटीवर आपली गाणी तपासावी. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. त्याआधी घरात शब्द आले ते जात्यावरून. माझ्या आजीला अक्षर येत नव्हते, पण सासरचे जाच तिने ओवीत घातले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखांहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत दलित स्त्रियांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही आहेत. जी बाई कालपर्यंत दैवाला बोल लावीत होती, तिने आपल्या दुःखाचे कारण ओळखले आणि आपला माणूसही ओळखला. दळण तेच, हात तेच; दिलाशाचा अर्थ मात्र बदलला. वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून हेच केले. ऐकणाऱ्याला वाटले, हे दुःख माझ्या एकट्याचे नाही आणि माझ्या नशिबाचेही नाही. गाण्याने बरे होते ते हे एकटेपण आणि ही लाज.

परंतु इतरांना धीर देणाऱ्या गायकाला धीर कोण देणार? 11 जुलै 1997 रोजी मुंबईच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. ज्याच्या आवाजाने वस्त्या उभ्या राहिल्या, त्याला स्वतःचा आवाज पुरला नाही. यावरून गाणे खोटे ठरत नाही; आपण गायकाला एकटे सोडतो, हे मात्र कळते. जयंतीला त्याला बोलवायचे, मध्यरात्रीपर्यंत गाऊन घ्यायचे आणि परतीच्या भाड्याचीही चौकशी करायची नाही, ही रीत अनेक ठिकाणी दिसते.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे साधे आहे. आपल्या वस्तीतील वृद्ध बायांची गाणी त्यांच्या हयातीत उतरवून घ्या. दुखवट्याच्या घरी भाषणाआधी एखादे गाणे होऊ द्या. रुग्ण असेल तर आधी डॉक्टरकडे न्या, मग त्याच्या उशाशी बसून त्याच्या आवडीचे गा. आणि ज्यांचे गाणे आपण ऐकतो, त्यांच्या चुलीची आणि प्रकृतीची विचारपूस करा. हे काम परिवर्तनाच्या कामाबाहेरचे आहे, असे मला वाटत नाही.