पांढरे बगळे ओळखताना

बगळा कोणास ठाऊक नाही? पण 'कोणता बगळा?' असे कोणी विचारले की आपण गप्प होतो. आमचेही तसेच होते. संघटनेच्या कामासाठी साखर कारखान्याच्या दाराशी पाळी सुटण्याची वाट पाहत बसलो की शेजारच्या कालव्यावर पुष्कळ पांढरे पक्षी दिसत. सारे एकच, असे आम्ही कित्येक वर्षे धरून चाललो. पुढे सलीम अलींचे पुस्तक आणि एक जुनी दुर्बीण हाती आली, तेव्हा कळले की ते चार जातींचे होते.

गुरांमागे चालणारा, आखूड मानेचा, पिवळ्या चोचीचा तो गायबगळा. गुरांच्या पायांनी उठणारे किडे तो टिपतो. आता ट्रॅक्टरमागेही तितक्याच नेमाने चालतो. चोच काळी, तंगड्या काळ्या आणि पंजे मात्र पिवळे, तर तो लहान बगळा. पंजे चिखलात असतील तर तो उडेपर्यंत धीर धरावा.

खरी अडचण मध्यम आणि मोठ्या बगळ्याची. एकटा पक्षी उभा असला की आकार फसवतो. चोचीच्या रंगावरही विसंबू नये; एरवी पिवळी असणारी चोच विणीच्या दिवसांत दोघांचीही काळी होते. मग पाहावे काय? चोचीच्या कोपऱ्यातून मागे जाणारी रेघ. ती डोळ्याखालीच संपली तर मध्यम. डोळ्याच्या मागे गेली तर मोठा. मोठ्याच्या लांब मानेला ठळक बाकही असतो.

आपल्याकडे पावसाळ्याच्या सुमारास वीण होते. तेव्हा गायबगळ्याचे डोके, मान व पाठ नारिंगी होते. बाकी तिघांच्या पाठीवर नाजूक पिसे झुलू लागतात. याच पिसांनी त्यांचा घात केला. युरोपातील टोप्यांसाठी ऐन विणीत बगळे मारले जात आणि घरट्यातील पिले उपाशी मरत. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. आयातबंदीचा कायदा ब्रिटनने १९२१ साली केला. व्यापाऱ्याला पक्ष्याशी कर्तव्य नव्हते, पिसांच्या वजनाशी होते.

'सगळे सारखेच' हे वाक्य कारखान्याच्या दारातही आम्ही पुष्कळ ऐकले आहे, कामगारांविषयी. ते न पाहणाऱ्याचे वाक्य असते. म्हणून श्रोतेहो, उद्या सकाळी तळ्याकाठी घटकाभर थांबा. आधी पंजे पाहा, मग ती रेघ. नाव आपोआप ओठांवर येईल.